लाल ठिपक्याचे दोन सेल

बायकोचा हेवा वाटतो, असं कुणी उघड सांगत नाही. भावाचा वाटतो, शेजाऱ्याचा वाटतो, एका बाकावर बसलेल्या मित्राचा तर हमखास वाटतो, आणि ते सगळं चहा पिता पिता बोललंही जातं. मला माझ्या बायकोचा हेवा वाटला. त्या हेव्यापायी मी एक काम केलं, ते आजवर दोनच माणसांना माहीत आहे. त्यातली एक ती स्वतः.

कोल्हापुरात पेठेतल्या गल्लीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढं पासपोर्ट फोटोची खुर्ची आणि पांढरा पडदा, मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणि वर माडीवर घर. मी रोलच्या जमान्यात काम शिकलेला माणूस. लग्न झाल्यावर ही दुकानात बसायला लागली ती फोटो कापायला, पाकिटात भरायला आणि अल्बमच्या पानांची जुळणी करायला. बी.कॉम. झालेली होती, हात स्वच्छ होता, गिऱ्हाइकाशी बोलायची रीत चांगली होती. कॅमेऱ्याला तिनं दोन वर्षं बोट लावलं नव्हतं.

कागलच्या एका डोहाळजेवणाला मी तिला लाईटचा स्टँड धरायला नेलं आणि तिथं सगळं सुरू झालं. ओटी भरायची वेळ आली तशी बायका पदर सावरून गप्प बसल्या. मी कॅमेरा उचलला की सगळ्यांची तोंडं शाळेच्या ग्रुप फोटोसारखी व्हायची. शेवटी पोरीची आई म्हणाली, "पावणं, तुम्ही जरा सोप्यात बसा की. वहिनींस्नी काढू दे."

मी बाहेरच्या सोप्यात बसून चहा प्यायलो. आत हशा पिकत होता. घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर टाकले तर तिनं काढलेल्यांतले निम्मे हलले होते, काही वाकडे होते. पण ती डोहाळकरीण एका फोटोत तोंडावर हात ठेवून अशी हसत होती, की मी वीस वर्षांत तसा फोटो काढला नव्हता. मी तो बघितला आणि म्हणालो, "फोकस जरा गेलाय."

"व्हय," ती म्हणाली, "पुढच्या टायमाला बघतो."

आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी बघतो' असंच बोलतात, तीही तसंच बोलते. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना त्याची गंमत वाटते.

आठवड्यानं दुसऱ्या एका घरातून फोन आला. मी तारीख लिहून घेतली. फोन ठेवता ठेवता पलीकडून बाई म्हणाल्या, "वहिनीच येणार न्हवं?"

मी माझा जुना कॅमेरा तिला दिला आणि जुना फ्लॅशही दिला. देताना माझं मन मोठं आहे असं मला वाटत होतं. खरं तर नवा मला ठेवून जुना तिला दिला होता.

आता फ्लॅशचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. कॅमेऱ्याची बॅटरी वेगळी असते, चपटी. एकदा भरली की निम्मं लग्न निघतं. पण फ्लॅशला चार पेन्सिल सेल लागतात, आणि फ्लॅश हा मोठा खादाड. एकदा चमकला की परत भरून यायला वेळ घेतो. मागं एक छोटा दिवा असतो, तो पेटला की समजायचं, आता मारा. सेल चांगले असले तर दिवा दोन-तीन सेकंदांत पेटतो. सेल थकलेले असले तर आठ, दहा, बारा सेकंद. तेवढ्या वेळात वरमाला पडून जाते.

सेल निवडणं हे माझं खातं होतं. चार्ज होणारे सेल आले तेव्हापासून मी ते आकडा बघून घ्यायचो. वेष्टनावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, दोन हजार, अडीच हजार, तीन हजार. आकडा मोठा तितका सेल ताकदीचा, असं माझं साधं गणित. राजारामपुरीतला दुकानदारही मला बघून वरच्या फळीवरचं पाकीट काढायचा. "पावणं, आकडा बघा की! ह्येच्या वर कोल्हापुरात माल न्हाय." मी खूश व्हायचो. मागच्या खोलीत माझे दोन चार्जर आणि तीसेक सेल असायचे. त्यांत दोन वर्षांपूर्वीचे, मागच्या दिवाळीचे, कालचे असे सगळे एका डब्यात. वरून उचलायचे, भरायचे, निघायचं.

एका दुपारी मी बाहेरून आलो तर ही मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसलेली. हातात फ्लॅश. मारला. "एक अंबाबाई, दोन अंबाबाई, तीन अंबाबाई, चार अंबाबाई," असे एकेक सेकंद मोजले, दिवा पेटला. परत मारला. परत "एक अंबाबाई, दोन अंबाबाई."

"काय चाललंय?"

"सेल मोजालोय." तिनं वर न बघता सांगितलं. "तुमचे ते मोठ्या आकड्याचे हाईत न्हवं, ते भरून लगेच लावलं की झकास चालत्यात. पर पंधरा-वीस दिवस नुसते पडून ऱ्हायले की निम्मे आपोआपच उतरत्यात. मी त्यादिशी भरून ठेवलेले, आज लावले. सातव्या फोटोलाच दमले."

"गरमी असंल."

"गरमी न्हाय. आनि दुसरी गोष्ट. चारात तीन नवे असले आनि एकच जुना असला तरी चारी जुन्यासारखेच वागत्यात. एक बैल लंगडा असला की जोडी थांबती तसं."

मी म्हणालो, "इतकी वर्षं मी काम करतोय, मला नको शिकवू." आवाज चढला नव्हता माझा. पण ते ऐकून तिनं फ्लॅश बंद केला आणि भाजी निवडायला वर गेली. तिचं बरोबर होतं हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं. तेच जास्त झोंबलं. फोटो तिचे चांगले येत होते, ते मी बायकी समारंभांचं नशीब म्हणून सोडून देत होतो. पण सेल हे तर माझं होतं!

त्यानंतर तिनं स्वतः जाऊन कमी आकड्याचे सेल आणले. पांढरे, साधे दिसणारे, भरून ठेवले तर महिनोन्‌महिने भरलेले राहणारे. सोबत एक चार्जर आणला, त्यात प्रत्येक सेलचा दिवा वेगळा, म्हणजे कुठला भरला आणि कुठला नाही ते दिसायचं. माझे चार्जर जोडीजोडीनं भरायचे, एक कच्चा राहिला तरी कळायचं नाही. तिनं आपल्या सेलांचे चार-चारचे संच केले, प्रत्येक संच एका प्लॅस्टिकच्या डबीत. वर्षा-दीड वर्षानं एखादा सेल थकला, की त्याच्या बुडाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायची आणि तो बाजूला काढायची. ठिपकेवाले सेल भिंतीवरच्या घड्याळाला आणि टीव्हीच्या रिमोटला.

मी तिचे सेल वापरले नाहीत. ती म्हणायची, "घेऊन जावा की, चार डब्या हाईत." मी माझ्या डब्यातलेच उचलायचो. राजारामपुरीतला दुकानदार एकदा मला म्हणाला, "वहिनी सांगून गेल्यापासनं मी बी तेच पांढरे ठेवायलोय. लई फोटोग्राफर मागत्यात." मी त्या दुकानात जाणं बंद केलं.

मग वारणानगरचं लग्न झालं. मोठं लग्न, दोघांनाही जावं लागलं. मी नवरदेवाच्या अंगाला, ती नवरीच्या. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली, अंतरपाट खाली आला, नवरीनं हार उचलला आणि माझा फ्लॅश चमकलाच नाही. आधीच्या फोटोनंतर दिवा पेटायचा होता. मी बटण दाबलं, काळा फोटो. परत दाबलं, काळा. समोरून तिचा फ्लॅश एक, दोन, तीन वेळा चमकला. तो उजेड माझ्या तोंडावर पडत होता.

अल्बम झाला. हार घालतानाचा तिचा फोटो दोन पानांवर मोठा लावला. नवरीचा हात किंचित वर, नवरदेवाची मान खाली, आणि दोघांच्या मधून दिसणारा नवरीच्या बापाचा चेहरा. तो अल्बम न्यायला नवरदेवाचे वडील आले. पान उघडलं, बघत राहिले, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सायेब, जल्माचा फोटो काढलासा."

ती शेजारी उभी होती. पाकिटावर नाव लिहीत होती.

मी म्हणालो, "थँक्यू."

तिनं मान वर केली नाही. ओठांवर थोडं हसू होतं, की मला तसं वाटलं, कुणास ठाऊक. नाव लिहून पाकीट त्यांना दिलं आणि "परत या" म्हणाली. 

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही, म्हणून मला वाटायला लागलं की तिला माझी कीव येते. त्यानंतर तिचं काहीही चांगलं झालं की मला ते खुपायचं. तिचा फोन वाजला की मी कान देऊन ऐकायचो. कुणी दुकानात येऊन "वहिनी हायेत का?" विचारलं की "काय काम हाय, मला सांगा की" म्हणायचो. ती मोपेडवर बॅग अडकवून निघाली की तिची पाठ बघत उभा राहायचो, आणि एक विचार यायचा. ही एकदा पडली पाहिजे. मोपेडवरून नव्हे. कामात. एकदा हिचं काम बिघडलं पाहिजे, आणि हिनं येऊन मला विचारलं पाहिजे, आता काय करू?

तो दिवस मी स्वतः आणला.

एका रविवारी दोन कामं एकाच वेळी आली. मला कोल्हापुरातच एका मंगल कार्यालयात लग्न, तिला हातकणंगल्यात बारसं. बारशाच्या घरचा मुलगा सैन्यात होता, सीमेवर, त्याला रजा मिळाली नव्हती. त्याची आई स्टुडिओत येऊन सांगून गेली होती. "पोरानं लेकराला अजून बघितलं न्हाय. फोनवरनं बघतोय ते वेगळं. त्याला अल्बम धाडायचाय. कानात नाव सांगतानाचा फोटो तेवढा चुकवू नगा." ही म्हणाली होती, "न्हाय चुकवत, मावशी."

सकाळी ती आंघोळीला गेली. टेबलावर तिच्या दोन डब्या भरून तयार होत्या. मी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, त्यातला ठिपकेवाला सेल काढला. रिमोटमधला एक काढला. अंगठ्याच्या नखानं दोन्हींचे लाल ठिपके खरवडले. पहिल्या डबीतला एक चांगला सेल काढून त्या जागी एक थकलेला ठेवला. दुसऱ्या डबीतही तेच. मला तेवढं पुरे होतं, तिनंच मला शिकवलं होतं की चारात एक पुरतो. काढलेले दोन चांगले सेल माझ्या बॅगेत टाकले, माझ्याच डब्यातले दोन घड्याळात आणि रिमोटमध्ये घातले.

हे सगळं करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. नखात लाल कण अडकले होते. मी मोरीत जाऊन हात धुतले, आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्यासाठी चहा ठेवला.

"आज चहा तुम्ही?" ती हसून म्हणाली.

माझ्या वाट्याच्या लग्नात मी काय फोटो काढले ते मला आठवत नाही. दर दहा मिनिटांनी फोन काढून बघत होतो. ती फोन करील, विचारील, अशी वाट बघत होतो. फोन आला नाही.

चार वाजता ती आली. बॅग टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसली. पासपोर्ट फोटोच्या खुर्चीत, पांढऱ्या पडद्यापुढं.

"फ्लॅश बसला," ती म्हणाली. "पाळण्याखालनं लेकराला ह्या हातातनं त्या हातात देत होते तवाच दमायला लागला. डबी बदलली, दुसरीपन तशीच. आत्या कानात नाव सांगाय वाकली आनि बायका तिच्या पाठीत गुद्दे घालाय लागल्या. माझा दिवा काय पेटंना. माजघर अंधारं, खिडकी न्हाय. चार फोटो काढले, चारी काळे."

"मग?"

"मग पळत गेलो आनि कोपऱ्यावरच्या दुकानातनं साधे सेल आणले. पुढचं सगळं काढलं. पर ते गेलं. मी म्हटलं, मावशी, परत एकदा सांगा की कानात, फोटोपुरतं. तर म्हाताऱ्या म्हणाल्या, नाव एकदाच ठेवत्यात." तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. "माझीच चूक. सकाळी एकदा लावून बघायला पायजे होते. मी भरवशावर ऱ्हायलो."

खरं बोलायची ती वेळ होती. मी म्हणालो, "असं होतं कधी कधी. अनुभवानं येतं."

त्या संध्याकाळी मी तिला रंकाळ्यावर फिरायला नेलं. भेळ खाल्ली. इतक्या दिवसांत मी तिच्याशी इतकं प्रेमानं वागलो नव्हतो. तिला धीर दिला, माझ्या सुरुवातीच्या फजित्या सांगितल्या, ती ऐकत होती, मान हलवत होती. मला फार बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटत होतं हे खरं आहे.

पुढच्या दोन फोनना ती म्हणाली, "तुम्हीच जावा." मी त्या दोन्ही घरी उलटा फोन केला, तर एकीनं सांगितलं, "मग ऱ्हाऊ दे, आमच्यात बायकाच हाईत सगळ्या." दुसरीनं बोलावलं, पण ओटी भरताना मी परत सोप्यात चहा प्यायलो, आणि या वेळी आत कुणीच फोटो काढत नव्हतं.

ही मात्र रोज दुपारी मागच्या खोलीत बसायची. भिंतीकडं तोंड. एक अंबाबाई, दोन अंबाबाई. तिनं आपले सगळे सेल उतरवले, भरले, परत उतरवले. चारांतला एकेक बदलून बघितला. चौथ्या दिवशी जेवणाच्या वेळी ती दोन सेल घेऊन आली. माझ्या ताटाशेजारी ठेवले.

"हे दोन गेलेले हाईत. दोन्ही डब्यांत एकेक होता."

"असतील."

"ह्यांच्या बुडाशी लाल हाय. कडेच्या खाचेत ऱ्हायलंय." तिनं सेल उलटा करून दाखवला. केसाएवढी लाल रेघ. "मी लावलेला ठिपका हाय हा. कुनी खरवडला?"

"मला काय म्हाईत?"

"बरं," ती म्हणाली. आणि जेवायला बसली. तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या, माझ्यानं एक संपेना.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हातकणंगल्याला जाऊन यायचंय. निघालेल्या फोटोंचा अल्बम द्यायचाय आनि मावशींची माफी मागायची हाय. तुम्हीपन चला."

मी कारणं काढली. तिनं ऐकून घेतली आणि मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात दिली.

ते घर स्टेशनपासून लांब नव्हतं. सैनिकाची आई ओसरीवर बसली होती. सून आत लेकराला घेऊन. हिनं अल्बम पुढं ठेवला. बाईंनी पानं उलटली, घुगऱ्या वाटतानाचे, पाळणा सजवलेला, लेकराची कुंची, सगळे चांगले होते. बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत गेल्या आणि परत पहिल्यावर आल्या. शोधत होत्या.

"न्हायच की गं," त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. "तुला म्हटलंतं का न्हाय, तेवढा चुकवू नगंस? माझा लेक काल फोनवर इचारत हुता, कानात कसं सांगितलं ते दाव म्हून. काय दावू? सेल बघून यायला काय झालंतं तुला? असलीच कामं करायची असली तर घरात बसावं बाईमानसानं!"

ती खाली मान घालून उभी होती. एवढं ऐकूनही माझ्याकडं बघत नव्हती. तिनं एकदा जरी बघितलं असतं, तरी मी गप्प राहिलो असतो असं मला वाटतं. चिडून गप्प राहिलो असतो.

"मावशी," मी म्हणालो, "चूक हिची न्हाय. सेल मी बदललोतो. माझी चूक हाय."

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. "तुम्ही? का?"

तोंडाला आलेलं मी गिळलं. "घाईत. माझं बी काम होतं त्यादिशी. घाईत अदलाबदल झाली."

"घाईत," त्या म्हणाल्या. त्यांचा राग निम्मा उतरला, कारण पुरुषाची घाई ही माफ करायची गोष्ट असते. "मानूस घाईत करतंय कायबी. बसा, च्या घ्या." आणि हिला म्हणाल्या, "मग आधी सांगायचं न्हाईस का गं पोरी, एवढं ऐकून घेतलीस ती?"

चहा झाला. हिनं सुनेचे आणि लेकराचे ओसरीवर आणखी फोटो काढले, आत्यालाही बोलावून तिघांचा काढला. निघताना बाई तिच्या हातात गुळाची ढेप देत होत्या.

परत येताना पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. मी रांगेच्या मागं हळू हळू गाडी नेत होतो. मागून तिचा आवाज आला.

"घाईत?"

मी गाडी कडेला घेतली. उतरलो. ती बसूनच होती, मांडीवर बॅग आणि बॅगेवर गुळाची ढेप.

"न्हाय," मी म्हणालो. "मुद्दाम केलं. तुझं काम बिघडावं म्हणून केलं. मला तुझा हेवा वाटतोय. लई दिवस झाले."

ट्रॉल्या जात होत्या. एका ड्रायव्हरनं ओरडून विचारलं, "पावणं, गाडी बंद पडली काय?" मी हात हलवून 'नाही' म्हटलं.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "हेवा वाटतोय ते. वारणानगरचा अल्बम न्यायला ते आलेले, तवाच कळलं. पर सेल काढशीला एवढं वाटलं न्हवतं." ती मला आयुष्यात पहिल्यांदा 'अहो-जाहो' सोडून बोलेल असं वाटलं, पण तसं झालं नाही. "मला चार दिवस वाटत होतं, मला काम येत न्हाय. त्या चार दिवसांचं काय करायचं, सांगा."

मी गाडीचं हँडल धरून उभा राहिलो.

"चला," ती म्हणाली, "गूळ वितळतोय."

घरी आल्यावर तिनं भांडण काढलं नाही, पण काही गोष्टी बदलल्या. तिनं माडीवरच्या कपाटाचा खालचा खण रिकामा केला, आपला कॅमेरा, फ्लॅश, चार्जर, डब्या सगळं त्यात ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली मंगळसूत्राच्या मागं अडकवली. वर्षभर ती किल्ली तिथं होती. आंघोळीला जातानाही. मी ती रोज बघायचो, आणि ती मला दिसते हे तिलाही माहीत होतं. अल्बमच्या शेवटच्या पानावर फक्त स्टुडिओचं नाव असायचं, तिथं तिनं 'छायाचित्रं' असं लिहून खाली आपलं नाव घालायला सुरुवात केली. माझे फोटो असले की माझं. दोघांचे असले की दोघांची, तिचं आधी. मी एकदा म्हणालो, "गिऱ्हाइकाला काय करायचंय?" ती म्हणाली, "थँक्यू कुनी म्हणायचं ते कळतंय."

मी माझे मोठ्या आकड्याचे सगळे सेल भंगारात दिले. राजारामपुरीतल्या त्या दुकानात गेलो आणि पांढरे सेल मागितले. दुकानदारानं विचारलं, "वहिनींसाठी?" मी म्हणालो, "माझ्यासाठी." चार-चारचे संच केले, डब्यांवर तारखा घातल्या, भिंतीकडं तोंड करून मोजायला बसलो. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात मोजत होतो. ती दारातून जाता जाता म्हणाली, "मोठ्यानं म्हणा, न्हायतर मोजण्यात घाई हुतीया." तेव्हापासून मोठ्यानं म्हणतो.

हेवा गेला का? नाही गेला. लोकांना वाटतं, कबूल केलं की मन निवळतं. माझं तसं झालं नाही. आता तिला महिन्याला माझ्यापेक्षा जास्त कामं असतात. दोन मुली तिच्याकडं शिकायला येतात, तिच्याच भाषेत "एक अंबाबाई" करतात. कुणी तिच्या फोटोला वा म्हटलं की मला ते अजून खुपतं, पूर्वीपेक्षा कमी, पण खुपतं. फरक इतकाच, की आता मी हेव्याला सेलांना हात लावू देत नाही. काही करावंसं वाटलं की दुकानातून उठतो आणि पेठेत एक चक्कर मारून येतो. ती विचारत नाही कुठं गेलतासा.

मागच्या महिन्यात इथल्या एका कॉलेजात मुलींसाठी फोटोग्राफीची दोन तासांची शिकवणी होती. तिला बोलावलं होतं. मी लाईटचे स्टँड घेऊन बरोबर गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. तिनं फळ्यावर सेलचं चित्र काढलं. सांगितलं, मोठा आकडा बघून भुलू नका, भरून ठेवलेलं किती दिवस टिकतं ते बघा. जुने-नवे एकत्र घालू नका. काम असेल त्या सकाळी, कितीही भरवसा असला तरी, एकदा लावून बघा. हे शेवटचं सांगताना ती फळ्याकडं तोंड करून उभी होती, त्यामुळं मला तिचा चेहरा दिसला नाही.

एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, हे सगळं तुम्ही कुठं शिकलात?"

"घरी," ती म्हणाली.

मुली लिहून घेत होत्या. टाळ्या झाल्या, प्राचार्यबाईंनी तिला पुष्पगुच्छ दिला, आणि कुणीतरी मला "सर, जरा बाजूला व्हा, फोटो काढायचाय" असं म्हणालं. मी बाजूला झालो. स्टँड आवरून भाड्याच्या गाडीत घालेपर्यंत आणि पुढं घरापर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच चाललं होतं. घरी म्हणजे माझ्याकडून, की घरी बसून एकटीनं, की माझ्यामुळं? ती खिडकीतून बाहेर बघत पुढच्या आठवड्याच्या तारखा मोजत होती.